मनांतील आखाडा

निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं कोठुरे नांवाचें गांव आहे. मल्लखांबविद्येचे आद्य गुरु म्हणून ज्यांस महाराष्ट्र ओळखतो, ते बाळंभटदादा देवधर ह्या गांवचे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कारकीर्दींत निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब नांवाचे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले, आणि 'आमच्याशीं कुस्ती धरा, नाहींतर जितपत्र लिहून द्या,' अशी मागणी त्यांनीं दरबारांत केली, अशी आख्यायिका आहे. त्यांचीं अवाढव्य शरीरें पाहून कोणी पुढें येईना. तेव्हां बाळंभट ह्या कोवळ्या वयाच्या तरुणानें तें आव्हान स्वीकारलें. मात्र तयारीसाठीं कांहीं दिवसांची मुदत मागून घेतली. ती मिळतांच तो वणीच्या सप्तशृंगी गडावर गेला. तेथें अनुष्ठान करीत असतां मारुतीनें स्वप्नांत येऊन एका लांकडी खांबावर त्यास कुस्तीचे पेंच करून दाखविले. बाळंभटानें जागेपणीं तसाच खांब उभारून ते डाव घोटले, आणि परत जाऊन गुलाबास चीत केलें. अलीनें, म्हणतात, हात मिळविलाच नाहीं.

ह्या आख्यायिकेंत इतिहास किती व श्रद्धा किती, ह्याचा निवाडा येथें कर्तव्य नाहीं. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत सांपडतो. तेव्हां बाळंभटांनीं विस्मृतींत गेलेली विद्या पुनः उभी केली, असें म्हणणें अधिक योग्य. आपल्याला पाहावयाचें आहे तें निराळेंच. सामन्यापूर्वींची ती मुदत ह्या तरुणानें कशांत घालविली? जोरबैठका तर कोणीही काढील. अंगानें लहान असलेला एक मुलगा एकांतांत जातो, आणि ह्या धिप्पाड मल्लाच्या मानेस विळखा कसा घालावा, त्याचा पाय कसा अडकवावा, ह्या एकाच चिंतनांत दिवसरात्र घालवितो. अशास स्वप्न पडलें तर तें कुस्तीचेंच पडणार! पुढें त्यानें जो खांब उभारला, त्याच्या भागांचीं नांवें आजही मल्लखांबपटूंच्या तोंडीं आहेत: खालचा जाड भाग तें 'अंग', वरचा निमुळता भाग ती 'मान', आणि माथ्यावरचा गोळा तें 'बोंड'. अंग आणि मान हे शब्द माणसाच्या देहाचे आहेत. खांब हा प्रतिस्पर्धी होता. परंतु खांब हालत नाहीं, उलट डाव टाकीत नाहीं, डोळे वटारीत नाहीं. तें सर्व खांबावर चढणाऱ्यानें आपल्या मनांतून पुरवावयाचें असतें.

मनानें पुरविण्याच्या ह्या क्रियेविषयीं प्रस्तुत लेख आहे. शास्त्रज्ञ तीस मानसिक सराव किंवा कल्पनाचित्रण म्हणतात. अर्थ सोपा आहे: शरीर स्थिर ठेवून एखादी हालचाल, तिच्या सर्व तपशिलासह, मनांत करून पाहणें.

हा विषय आमच्या विद्यार्थ्यांपुढें मांडावासा वाटला, त्यास कारण आहे. अंबड व त्याच्या आसपासच्या वस्तींतील पुष्कळ मुलें आणि मुली आतां सायंकाळीं कराटे, ज्युडो किंवा तायक्वांदो शिकावयास जातात. थोडीं तालमींतही जातात. त्यांतील एखाद्याचा पहिला सामना पाहावा. वर्गांत शेंकडों वेळां बिनचूक मारलेली लाथ तेथें उचललीच जात नाहीं. पंच 'हाजिमे' म्हणतो, समोरचा मुलगा पुढें सरकतो, आणि आमच्या मुलाच्या कानांत केवळ गोंगाट उरतो. दोन मिनिटांत सर्व आटोपतें. घरीं परत जातांना तो स्वतःस भित्रा ठरवितो आणि पुढल्या आठवड्यापासून वर्गास येणें बंद करितो. मला हें नुकसान पदक हुकण्याहून फार मोठें वाटतें. कारण तो मुलगा भित्रा नसतो. त्याच्या हातापायांचा अभ्यास झालेला असतो, परंतु तो अभ्यास मित्रांच्या संगतींत, ओळखीच्या भिंतींमध्यें झालेला असतो. अनोळखी मैदान, अनोळखी चेहरा आणि धडधडणारी छाती ह्यांच्याशीं त्याची पहिली गांठ नेमकी सामन्याच्या क्षणीं पडते.

ही गांठ आधींच घालून देतां येईल काय? ज्यांचे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कामास आहेत, त्यांनीं घरींच हा प्रश्न विचारावा. सी. एन. सी. यंत्रावर नवा प्रोग्राम चढविला कीं जाणता कारागीर त्याच्याखालीं लगेच धातूचा तुकडा लावीत नाहीं. प्रथम तो यंत्र मोकळें चालवून पाहतो. हत्यार कोठून येतें, कोठें वळतें, कशास आपटणार तर नाहीं ना, हें सर्व नीट न्याहाळतो. ह्यास ते लोक 'ड्राय रन' म्हणतात. मानसिक सराव हा शरीराचा ड्राय रनच होय. फरक एवढाच कीं येथें यंत्र, कारागीर आणि पाहणारा हे तिघे एकच आहेत, आणि म्हणून फसगतीसही जागा अधिक.

ही केवळ उपमा नव्हे, असें शास्त्रानें गेल्या शतकांत दाखवून दिलें आहे. अमेरिकेंतील शिकागो येथें एडमंड जेकबसन ह्या वैद्यानें 1930 च्या सुमारास माणसांच्या दंडावर नाजूक विद्युन्मापक यंत्रें लावलीं आणि हात न हालवितां तो वांकविल्याची केवळ कल्पना करावयास सांगितलें. हात स्थिर होता, तरीही दंडाच्या स्नायूंत अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह उमटला. पुढें 1989 मध्यें फ्रान्समधील देसेती, जानरो व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक मनोरंजक प्रयोग केला. कांहीं अंतरावरील खुणेपर्यंत चालत जाण्यास लागणारा वेळ आणि तितकेंच अंतर मनांत चालण्यास लागणारा वेळ त्यांनीं मोजून पाहिला. दोन्ही जवळजवळ सारखे भरले. मग पाठीवर जड ओझें दिलें. प्रत्यक्ष चालण्याचा वेळ फारसा बदलला नाहीं, पण मनांतील चालणें लांबलें! म्हणजे मन केवळ अंतर मोजीत नाहीं, तें श्रमही मोजतें. स्वप्नाळू माणूस क्षणांत लंकेस जाऊन येतो. प्रामाणिकपणें केलेल्या मानसिक सरावास मात्र प्रत्यक्षाइतकाच वेळ लागतो. आपली कल्पना खरी उतरली आहे कीं नाहीं, हें पडताळून पाहण्याचें हें उत्तम साधन आहे. ज्या काताला शिक्षकांच्या घड्याळाप्रमाणें एक मिनिट लागतें, तो जर तुमच्या मनांत वीस सेकंदांत संपत असेल, तर मधल्या चाळीस सेकंदांतील पावलें तुम्हीं गाळलीं आहेत, असें खुशाल समजावें.

1995 मध्यें पास्कुआल-लिओने व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर ह्याहून पुढें जातो. पियानोवर पांच बोटांचा एक साधा पाठ लोकांस शिकविण्यांत आला. एका गटानें पांच दिवस, रोज दोन तास, तो प्रत्यक्ष वाजविला. दुसऱ्यानें वाद्यासमोर बसून तो केवळ मनांत वाजविला. बोटांचें नियंत्रण करणारा मेंदूचा भाग दोन्ही गटांत सारखाच विस्तारलेला आढळला. वादनाच्या कौशल्यांत मात्र मनांत वाजविणारे पांचव्या दिवशीं पहिल्या गटाच्या तिसऱ्या दिवसाइतकेच पोंचले होते. पण नंतर त्यांस दोनच तास प्रत्यक्ष वाजवूं दिलें, तेव्हां ते पहिल्या गटाच्या बरोबरीस आले. ह्या प्रयोगाचें सार मला असें दिसतें: मनाचा सराव हा हाताच्या सरावाची जागा घेत नाहीं, पण हाताचा सराव लवकर पचावा, अशी जमीन तयार करून ठेवितो.

आमच्या विषयास अगदीं जवळचा प्रयोग अमेरिकेंतच 1981 मध्यें प्रसिद्ध झाला. वाइनबर्ग, सीबोर्न व जॅक्सन ह्यांनीं कराटे शिकणाऱ्या 32 विद्यार्थ्यांचे चार गट पाडले. एकानें केवळ शरीर शिथिल करण्याचा अभ्यास केला, दुसऱ्यानें केवळ कल्पनाचित्रणाचा. तिसऱ्यानें आधीं शरीर शिथिल करून मग कल्पनाचित्रण केलें. चौथा गट तुलनेसाठीं होता. सहा आठवडे रोज घरीं हा अभ्यास चालला. मग परीक्षा झाली. सुटे प्रहार आणि प्रहारांची मालिका ह्यांत गटागटांत मोठें अंतर पडलें नाहीं. पण प्रत्यक्ष झुंजींत तिसरा गट इतर सर्वांहून सरस ठरला. ह्याकडे विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. एकट्यानें करावयाच्या गोष्टींत लाभ दिसला नाहीं. तो दिसला समोर दुसरा माणूस असतांना. आणि केवळ डोळे मिटून चित्रें पाहणाऱ्यांस तो मिळाला नाहीं. ज्यांनीं प्रथम श्वास संथ केला, खांदे व जबडा सैल सोडला आणि मग चित्र उभें केलें, त्यांसच मिळाला. 32 म्हणजे फार मोठी संख्या नव्हे, हें खरें. तथापि प्रयोगाची दिशा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां थोडें स्पष्ट बोलतों. 'मनःशक्तीनें विजेते व्हा' अशा जाहिराती हल्लीं पुष्कळ दिसतात, आणि भोळे पालक त्यांवर पैसाही खर्च करितात. 1983 मध्यें फेल्ट्झ व लँडर्स ह्या दोन अभ्यासकांनीं तोंवर झालेले साठ अभ्यास एकत्र करून त्यांची छाननी केली. निष्कर्ष असा निघाला कीं मानसिक सराव हा मुळींच सराव न करण्यापेक्षां बरा. पण प्रत्यक्ष सरावाची बरोबरी त्यास येत नाहीं. ज्यानें ढाक कधीं मारलीच नाहीं, त्यानें ती मनांत हजार वेळां मारली तरी समोरच्याच्या अंगाचें वजन त्याच्या कंबरेस ठाऊक होणार नाहीं. मनाच्या आखाड्यांतील माती बाहेरच्या आखाड्यांतूनच वाहून न्यावी लागते.

ही माती किती महत्त्वाची असते, हें खाशाबा जाधव ह्यांच्या उदाहरणावरून कळेल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचा हा मल्ल लहानपणापासून तांबड्या मातींत वाढला. 1948 सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यास गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनीं लढावें लागलें. मातींत पाय रुततो, गादीवर तो निसटतो. मातींतील कुस्ती चीत होईपर्यंत चालते, तेथें गुण मोजले जातात. अशा परक्या परिस्थितींतही तो सहावा आला. पुढलीं चार वर्षें त्यानें कसून तयारी केली, आणि 23 जुलै 1952 रोजीं हेलसिंकी येथें बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या दिवसाची आणखी एक हकीकत अशी कीं जपानच्या शोहाची इशीशीं दमविणारी कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांति न मिळतां त्यास सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हसमोर उभें राहावें लागलें. त्याची बाजू मांडावयास तेथें कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबांनीं कल्पनाचित्रण केलें होतें, असें मी म्हणत नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं सामन्यांत प्रतिस्पर्ध्याइतकीच जमीन, नियम, थकवा आणि वेळापत्रक हींही माणसास हरवूं शकतात. म्हणून मनांतील सराव करितांना केवळ शत्रूचा चेहरा डोळ्यांपुढें आणून भागत नाहीं. पायाखालची गादी, डोक्यावरचे दिवे, आधींची लढत संपून अर्धवट परतलेला श्वास, हें सर्व त्यांत यावयास हवें. 2001 मध्यें होम्स व कॉलिन्स ह्या अभ्यासकांनीं मानसिक सरावासाठीं जें मार्गदर्शन आखलें, त्यांत शरीराची ठेवण, स्थळ, वेळ आणि भावना हीं प्रत्यक्षासारखीं असावींत, ह्यावर भर आहे. अंथरुणांत लोळत सामना पाहण्यापेक्षां सामन्याचा पोशाख घालून, त्याच पवित्र्यांत उभें राहून तो पाहणें बरें, असें ते सांगतात.

हा अभ्यास घरीं कसा करावा? समजा, तीन आठवड्यांनीं तुमची जिल्हास्पर्धा आहे. जेथें ती व्हावयाची तें सभागृह शक्य असेल तर एकदां जाऊन पाहून यावें. दार कोणत्या अंगास आहे, पंच कोठें बसतात, प्रेक्षकांचा आवाज कसा घुमतो, हें डोळ्यांत व कानांत सांठवावें. जाणें शक्य नसेल तर तेथें खेळून आलेल्या एखाद्या ताईस किंवा दादास खोदखोदून विचारावें. मग रोज, वर्गाहून आल्यावर अंग अजून तापलेलें असतां, घरांतील निवांत कोपऱ्यांत उभें राहावें. घरें लहान, शेजारीं दूरचित्रवाणी चालूं, भावंडांची गडबड, अशी अडचण पुष्कळांस आहे. पण सामन्याच्या ठिकाणीं तरी शांतता कोठें असते? चारपांच वेळां सावकाश श्वास सोडून खांदे उतरूं द्यावे.

आतां आपलें नांव पुकारलें गेलें. पट्टा तांबडा आहे कीं निळा? गादीच्या कडेवर पाऊल ठेवतांना तळव्यास काय लागतें? वांकून नमस्कार होतो. समोरचा उंच आहे, डावा पाय पुढें ठेवून उभा आहे. 'हाजिमे!' येथपासून सर्व आपल्या स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. प्रेक्षकांत बसून स्वतःकडे पाहिल्यासारखें नव्हे. बाहेरून पाहण्याचाही उपयोग आहे, तो पवित्र्याची ठेवण तपासण्यापुरता. झुंजीची वेळ साधावयाची ती आंतूनच. समोरच्यानें अंतर तोडलें, त्याचा हात आला, आपण अर्धें पाऊल बाजूस सरलों, आणि आपली मूठ पोंचली. हें सर्व हव्या त्या वेगानें नव्हे, खऱ्या वेगानें. मूठ पोंचल्यावर ती परत घेऊन पुनः पवित्रा धरलाच पाहिजे. पुष्कळांचीं मनश्चित्रें नेमकीं गुण मिळाल्याच्या आनंदांत तेथेंच संपतात, आणि प्रत्यक्षांतही तीं मुलें त्याच क्षणीं मार खातात.

पुढची पायरी अधिक अवघड आहे, आणि तीच बहुतेक जण टाळतात. कल्पनेंत समोरच्यास गुण मिळूं द्यावा. त्याची लाथ बसली, पंचानें हात त्याच्या बाजूस उचलला, गर्दींतून आरोळी उठली. पोटांत जें खड्ड्यासारखें वाटतें, तें खरोखर वाटूं द्यावें. मग एक श्वास, रेषेवर परत, आणि आपला पुढचा डाव. ज्या मुलानें हा प्रसंग मनांत वीस वेळां भोगून ओलांडला आहे, त्यास सामन्यांत पहिला गुण गेल्यावर आकाश कोसळल्यासारखें वाटत नाहीं. आमच्या तालमींत प्रत्येक डावास तोड शिकवितात; पराभवाच्या क्षणासही तोड असते, आणि ती अशी आधीं घोटावी लागते. मात्र चित्र पराभवावर सोडून उठूं नये. 1985 मध्यें गोल्फच्या खेळावर झालेल्या एका प्रयोगांत, चेंडू भोकापासून जरासा चुकत असल्याची कल्पना ज्यांस करावयास लावली, त्यांचा खेळ प्रत्यक्षांत बिघडला. चुकीचें चित्र आपोआपच मनांत शिरलें, तर 'हें नको, हें नको' म्हणून त्याच्याशीं झगडूं नये. तें जितकें ढकलावें तितकें घट्ट बसतें. चित्र जेथें बिघडलें, त्याच्या एक पाऊल आधीं परत जावें आणि तेथून सावकाश, बरोबर रीतीनें, पुढें चालावें.

कित्येक विद्यार्थी म्हणतील, 'आम्हांस डोळे मिटल्यावर कांहींच दिसत नाहीं.' हें खोटें नसतें. कांहीं माणसांस मनश्चित्रें जन्मतःच दिसत नाहींत. ॲडम झेमन ह्या ब्रिटिश वैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं 2015 मध्यें ह्या स्थितीस 'अफँटेशिया' असें नांव दिलें. अशांनीं वाईट वाटून घेऊं नये. चित्र म्हणजे केवळ दृश्य नव्हे. टाचेवर येणारा भार, कंबरेचा पिळा, मूठ आंवळली जातांना करंगळीस पडणारा ताण, श्वास सोडण्याचा आवाज ह्यांची आठवणही तेंच काम करूं शकते, आणि झुंजणाऱ्याच्या दृष्टीनें ती कदाचित् अधिक उपयोगी. आपल्याकडे मानसपूजा करणारे भाविक पुष्कळ होऊन गेले. फूल, गंध, पाणी, दीप ह्यांतील एकही वस्तु हातांत नसतां ते पूजेचा प्रत्येक उपचार क्रमानें व सावकाश मनांत करीत. त्यांत रूप होतें तसा गंधही होता, आणि पाण्याचा गारवाही होता. एकाग्रतेचा हा मार्ग आमच्या समाजास परका नाहीं. आखाड्यांत तो वापरण्याची संवय तेवढी राहून गेली आहे.

वेळेविषयीं दोन शब्द. एका बैठकीस दहा मिनिटें पुरे, वीस म्हणजे पुष्कळ. त्यापुढें मन भरकटतें आणि सराव दिवास्वप्नांत विरतो. आणि ह्या सरावाचा परिणाम, प्रत्यक्ष सरावाप्रमाणेंच, कांहीं दिवसांनीं ओसरतो. म्हणून महिन्याभरापूर्वीं केलेल्या अभ्यासावर विसंबून चालत नाहीं. दुखापतीमुळें वर्ग बंद पडला असेल, तर मात्र ह्याचा उपयोग दुप्पट आहे. पाय प्लास्टरमध्यें असलेल्या मुलास वर्गाच्या कडेस बसवून शिक्षकांनीं इतरांचा काता त्यास मनांत करावयास लावावा. दिवस फुकट जात नाहींत, आणि आपण अजून ह्या वर्गाचेच आहों, ही जाणीवही त्यास राहते.

सामन्याच्या आदल्या रात्रीं नवा डाव मनांत आणूं नये. रोजचाच एक फेरा, नेहमीच्याच क्रमानें, एकदां करावा. पोशाख, पट्टा, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र पिशवींत भरून दाराशीं ठेवावें, आणि निजावें. सकाळीं सभागृहांत आपलें नांव पुकारलें जाण्याच्या आधीं, गादीच्या कडेस उभे असतां, पहिल्या दहा सेकंदांचेंच चित्र पाहावें: नमस्कार, पवित्रा, पहिलें पाऊल. त्यापुढचें समोरच्याकडे पाहूनच ठरवावयाचें असतें.